रुळांवरची चरबी

आईच्या स्वयंपाकघरातून पळवलेली डुकराची चरबी विल्बरने स्टेशनापुढच्या चढावर दोन्ही रुळांना चोपडली. मिसूरीतल्या त्या चिमुकल्या गावात ओटिस हा त्याचा एकुलता एक मित्र, आणि आज तो आईबापांसोबत कायमचा शिकागोला निघाला होता.

गाडी चढाला आली आणि चाकं जागच्या जागी गरगरू लागली. विल्बरचा प्रताप ओळखून खिडकीतला ओटिस खदखदून हसला. झुडपात दडलेला विल्बर हरखून गेला.

पण ड्रायव्हरने शांतपणे इंजिनातल्या पेटीतली वाळू रुळांवर सोडली. चाकांनी पकड घेतली.

विल्बर गाडीशेजारून धावू लागला. ओटिसचं हसू पार मावळलं होतं.

"अजून चोपडायची होतीस रे!" तो रडत ओरडला.

"होती तेवढी सगळी चोपडली!" विल्बर धापा टाकत म्हणाला. गाडी तोवर वळणाआड गेली होती.