उत्तरेचं दार

जुन्या पाद्र्यानं पैसे चारून पद मिळवलं होतं, म्हणून त्यानं दिलेले सगळे बाप्तिस्मे बाद! नव्या फादर हुगोननी तसं जाहीर केलं आणि बर्गंडीतलं ते अख्खं गाव चर्चमध्ये लोटलं. ईस्टरला जगाचा शेवट होणार होता. त्याआधी पुन्हा बाप्तिस्मा घ्यायलाच हवा होता.

डोक्यावर पाणी पडलं की आतल्या सैतानाला निघून जायला उत्तरेचं दार उघडलं जायचं. दर वेळी बाहेर बसलेला ग्रिमो कुत्रा कुणाच्या तरी मागे लागल्यासारखा भुंकायचा.

"पळाला गं, पळाला!" बायका टाळ्या पिटायच्या.

शेवटी गिस्लाचं तान्हं बाळ उरलं. धर्ममाता बर्ट्राडानं रडणाऱ्या बाळाला बाप्तिस्म्याच्या कुंडावर धरलं. पाणी पडलं, दार उघडलं. ग्रिमो गप्प.

"अगं, तुझ्या लेकरात सैतान नव्हताच मुळी!" बर्ट्राडा म्हणाली, तशी सगळी हसली. गिस्लाला आनंदानं रडूच फुटलं.

"चला, लावा दार," फादर म्हणाले.

उंबऱ्यात ग्रिमो उभा होता. मालक घरी आल्यासारखी शेपटी हलवत तो वाट देऊन बाजूला सरला. त्याची नजर हळूहळू आत सरकत कुंडापाशी येऊन थांबली.

बाळाचं रडणं थांबलं. उचलून घे म्हणावं तसे त्यानं समोरच्या रिकाम्या जागेकडे दोन्ही हात पसरले.