भिंतीवरचा जावई

“अगं, निदान बंद करून तरी उघड,” सावळीराम म्हणाला. तोवर तेजलने टीव्हीचं मागचं झाकण काढून पलंगावर ठेवलंही होतं.

“बंदच आहे, पप्पा. दोन वर्षं बंद आहे.”

स्वयंपाकघरातला तो पंधरा इंची टीव्ही नुसता बोलायचा, दाखवायचा काही नाही. गेला होता फक्त पडद्यामागचा दिवा. पडदा ठणठणीत होता. तेजल अंबडच्या एका कंपनीत सर्किटं तपासायची. तिचा बेत साधा होता. पडदा सोडवायचा, त्याच्यामागे जबरदस्त एलईडी, पुढे भिंग, आणि सगळं प्लायवूडच्या खोक्यात. मग समोरच्या भिंतीवर सिनेमा.

सिनेमा कसला, स्थळ!

तेजलची आई गेल्यापासून या घरात लग्नाच्या बाबतीत शेवटचा शब्द विंचूरच्या कुसाआत्याचा. सावळीरामच्या या थोरल्या बहिणीनं आजवर तीन मुलगे नाकारले होते. एक फार मोठ्यानं हसला. दुसऱ्याची आई फारच कमी बोलली. तिसऱ्या, नामपूरच्या मुलानं पोह्यांचा चमचा डाव्या हातात धरला, तर आत्या त्याच्या तोंडावर म्हणाली, “असला जावई मी पंगतीत बसवू कुठं?” बिचारा अर्धी बशी टाकून उठला.

चौथा घोटीचा दीपक. तेजलच्याच कंपनीतला. तीन वर्षं दोघं एकमेकांच्या डब्यातलं खात होती आणि तेजलला दुसरा कुणी नकोच होता. हे तिनं वडिलांना सांगून टाकलं होतं. आत्याला सांगायची वडिलांची छाती नव्हती. त्यांनी आपलं ‘एक स्थळ आलंय’ म्हणून दीपकच्या घरच्या वास्तुशांतीचा व्हिडिओ विंचूरला पाठवला.

आत्याचा लगेच फोन आला.

“यात समदे मुंगीएवढे दिसत्यात. मोतीबिंदू काढून डोळ्यात नवं भिंग घातलंय मी, ते काय मुंग्या बघायला? माणूस माणसाएवढा दाखवा, मंग बोलू.”

म्हणून हा सगळा खटाटोप.

भिंग एका शाळेच्या भंगारात मिळालं. एलईडी तापायला लागला, त्याला जुन्या कॉम्प्युटरचा पंखा बसवला. पहिल्यांदा बातम्या लावल्या तर बातम्या सांगणारी बाई डोकं खाली, पाय वर. पडदा फिरवल्यावर बाई सरळ झाली, पण तिच्याखालची अक्षरं आरशात दिसावीत तशी उलटी.

“पडदा पाठमोरा बसलाय,” तेजल म्हणाली. चार स्क्रू काढून तिनं तो पालटला.

अक्षरं सुलट झाली. चित्र भिंतभर पसरलं, मधोमध लख्ख, कडेला जरा धुरकट. सावळीरामला इतका आनंद झाला, की त्यानं शेजारच्या भागीबाईंना बोलावून आणलं आणि हवामानाचा अख्खा अंदाज दाखवला.

रविवारी दुपारी आत्या यायची होती. सकाळी तेजल पुन्हा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खोक्यापाशी बसली.

“आता काय राहिलं?” सावळीरामनं विचारलं.

“थोडं नीट बसवते.”

आत्या आली. पाणी प्यायली. खिडक्यांना चादरी लागल्या.

“आक्काला आधी बातम्या दाखव ना,” सावळीराम म्हणाला.

“दिवा तापतो, पप्पा. आधी व्हिडिओ.”

भिंतीवर दीपक उभा राहिला, खरंच माणसाएवढा. वास्तुशांतीची पंगत बसली होती आणि तो डाव्या हातात बादली, उजव्या हातात पळी घेऊन वरण वाढत चालला होता. तेजल त्याच्याकडे बघत राहिली. सावळीराम खोक्यावर तळहात ठेवून ते किती तापतंय याचा अंदाज घेत होता.

“वाढायची पद्धत चांगली हाय,” आत्या म्हणाली. “पुन्हा लाव.”

तेजलनं पुन्हा लावला.

“घोटीकडची माणसं समदी एकाच वळणाची दिसत्यात.”

“भावकीतली असतील,” सावळीराम म्हणाला.

“असतील बाबा. आनखी एकदा लाव.”

तिसऱ्या वेळी आत्या उठून भिंतीपाशी गेली. कोपऱ्यात एक टोपीवाले आजोबा भात कालवत होते. त्यांच्याशेजारी ती बराच वेळ उभी राहिली. मग येऊन बसली आणि तेजलकडे बघू लागली. तेजल उगाच खोक्याची वायर सारखी करू लागली. हे स्थळ मोडलं असतं तर तिला पुन्हा मनापासून हसता आलं नसतं, हे तिचं तिला पक्कं ठाऊक होतं.

“बोलवा पोराला,” आत्या म्हणाली.

तेजल स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडली. त्या गडबडीत चहात साखर घालायची राहिली आणि तो चहा आत्यानं नाव न ठेवता संपवला.

पुढच्या रविवारी दीपक आला. इस्त्रीचा शर्ट, भांग नीट. तेजलनं पोह्यांची बशी त्याच्या हातात दिली आणि नजर जमिनीला लावली. दीपकनं उजव्या हातात चमचा घेतला. पहिला घास पँटवर सांडला. दुसरा तोंडाच्या जवळपास गेला. एक शेंगदाणा घरंगळत थेट आत्याच्या पायापाशी येऊन थांबला.

“लाजतोय जरा,” सावळीराम म्हणाला.

तिसऱ्या घासाला दीपकचा चमचा बशीतच उपडा झाला. तेजलला आता रडू फुटणार असं वाटलं. आत्यानं शेंगदाणा उचलून बाजूला ठेवला.

“जावईबापू, चमचा डाव्या हातात घ्या,” ती म्हणाली. “त्या भिंतीवर तुमची अख्खी पंगत डाव्या हातानं जेवत व्हती, आन् या येडीला त्यात एकटे तुम्हीच दिसत व्हते.”