समोरचा चेहरा

ग्रँडमास्टर देशमानेंचा हात वजिरावर थबकला. आयुष्यभर ते आधी प्रतिस्पर्ध्याचा चेहरा वाचत, मग पट. आज प्रतिस्पर्धी होता संगणक. समोरची मुलगी फक्त पडद्यावर उमटलेली त्याची चाल पटावर करायची. तरी सवयीनं त्यांनी तिच्याकडे पाहिलंच.

तिनं ओठ चावला, नजर चोरली. म्हणजे ही चाल संगणकाला जड जाणार. त्यांनी वजीर पुढे सरकवला.

सभागृहातून हळहळ ऐकू आली. पडद्याकडे पाहत तिनं हत्ती उचलून त्यांच्या राजाच्या रांगेत ठेवला. मात. पोरासोरांनाही दिसावी अशी.

"मघाशी घाबरलीस कशाला?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"मला बुद्धिबळ येत नाही, सर. मोहरा चुकीच्या घरात पडेल, याची धास्ती होती." ती ओशाळली. "आता तुमची चाल ना?"