बोकडाची साक्ष

हवालदारानं बोकडाचं दावं सोडलं आणि अख्खं बेट श्वास रोखून उभं राहिलं.

दीपगृहाचा बत्तीवाला बेपत्ता होता. पाय घसरून समुद्रात पडले, असं त्याची बायको सांगत होती. हवालदाराला ते पटत नव्हतं. माणसांच्या जबान्या तो घेतच नसे. माणसं खोटं बोलतात, असं त्याचं ठाम मत. मागे एका कोंबडीच्या भरवशावर त्यानं चक्क पोस्टमास्तरला आत टाकलं होतं, आणि कोंबडीचंच खरं निघालं होतं. म्हणून आज ज्याच्या घरी जनावर होतं तो ते बरोबर घेऊन आला होता. न जाणो, साक्ष लागली तर!

हा बोकड बत्तीवाल्याचा भारी लाडका. मालक कुणाच्या घरात शिरला की हा दाराशी बसणार, बाहेर आला की उठणार. तेव्हा बोकड बसेल तिथे चौकशी करायची, असं ठरलं. बायकोनं लगेच होकार दिला. तो कुठे बसणार हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि ते चारचौघांना दिसावं म्हणून ती नुसती टपली होती.

बोकड सरळ शिंपिणीच्या दारात जाऊन बसला.

"बघा, बघा!" बायको कडाडली. "एका माणसाला सदरे तरी किती लागतात हो?"

शिंपिणीनं मान खाली घातली. बायकोच्या जिवाला कसं थंड वाटलं.

पण थोडा वेळ वाट बघून बोकड उठला. दोन घरं सोडून पाववालीच्या दारात बसला. लोक खुसखुसायला लागले.

"पाव आणायला जात असतील," बायको म्हणाली.

"पाव तर तुम्ही घरीच भाजता," मागून कुणीतरी म्हणालं.

शिंपिणीची मान झटक्यात वर आली. ती पाववालीला खालपासून वरपर्यंत न्याहाळू लागली.

बोकड पुन्हा उठला. गल्ली ओलांडून तो बायकोच्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या पायरीशी गेला. तिथे एक पातेलं पाण्यानं भरून ठेवलेलं होतं. तो पोटभर प्यायला आणि ऐसपैस बसला.

बहीण पांढरीफटक पडली. "ताई, भावजी नुसते चहाला यायचे गं."

बायको पातेल्याकडे बघत होती. "हे माझं पातेलं," ती म्हणाली. "मी घरभर शोधत होते."

"ताई, अगं..."

बायकोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तिघी! आणि मी मेली त्या एकटीवरच जळत बसले! तिघी आहेत हे कळलं असतं, तर त्या मेल्याला असा एका घावात सोडला असता होय?"

कुणाच्या तरी बदकानं तेवढं तोंड उघडलं.

हवालदारानं टोपी काढली. "बाई," तो हळूच म्हणाला, "कुठे पुरलंय?"

"थांबा हो जरा!" बायको त्याच्यावर खेकसली. तेवढ्यात शिंपिणीनं बहिणीला विचारलं होतं, "कधीपासून गं?" आणि त्याचं उत्तर बायकोलाही ऐकायचं होतं.