हनुमंतची पाळी

साचा उसळे तो हनुमंतच्याच पाळीला. गोरक्षने ओतलेले अॅल्युमिनियम निमूट गोठत असे. भट्टी तीच, धातू तोच, साचाही तोच. पहिल्यांदा नुसत्या ठिणग्या उडाल्या. नंतर छताच्या पत्र्याला भोक पडले. मागच्या खेपेला हनुमंतचे कोपर भाजले.

१९९६च्या श्रावणात नगरच्या औद्योगिक वसाहतीतील त्या शेडमध्ये पाण्यावर तरंगणारा धातू तयार होत होता. राखेच्या पोकळ गोळ्या साच्यात भरायच्या आणि त्यांवर वितळलेले अॅल्युमिनियम ओतायचे, एवढीच कृती. मात्र ओलावा नको. तप्त धातूखाली अडकलेल्या थोड्याशा पाण्याचीही क्षणात वाफ होते आणि स्फोट होतो. म्हणून अभियंता यशोधरा साचा आणि गोळ्या समोर उभी राहून सुकवून घेई. तरीही स्फोट वाढतच होते.

आज पुन्हा हनुमंतची पाळी होती.

"मॅडम, आज उडालं तर मालक ठिवनार न्हाई मला," तो म्हणाला. त्याने पळीचा लांब दांडा धरला.

"मालकाचं काय घिऊन बसलास?" गोरक्ष दाराबाहेरून ओरडला. "डोळं ऱ्हायलं तर बघ!"



हनुमंतची बायको भीमाबाई साच्यात गोळ्या भरत होती. नवऱ्याच्या पाळीचा साचा ती दुसऱ्या कोणाला भरू देत नसे. भरणे संपवून ती तळहात पदराला पुसत बाजूला झाली. हनुमंतने पळी उचलली. रुपेरी धातू काठाशी आला.

भीमाबाईच्या तळहाताला काहीतरी पांढरे चिकटले होते.

"हनुमंत, थांब! पळी मागे घे!" यशोधरा ओरडली. मग ती भीमाबाईकडे वळली. "हाताला काय लागलंय, बाई?"

"मीठ हाय, मॅडम. ह्यांची दिष्ट काढली. दिष्टीचं मीठ जाळावंच लागतं. मागल्या टायमाला केवढं तडतडलं, बगितलं न्हाई का? लई वंगाळ नजर हाय. म्हनून आज दोन मुठी टाकलं."

यशोधराने साचा उपडा केला. कोरड्या गोळ्यांच्या तळाशी खडेमीठ होते. पावसाळी हवेने त्याला पाणी सुटले होते. स्फोटाचे कारण तेवढेच होते.

गोरक्षची दृष्ट काढणारे शेडमध्ये कोणी नव्हते.