दिवे मिचकायचे तेव्हा

"पायपुसण्यावर उभी राहून काय विचारतेस? आत ये की!" म्हणत आत्याने त्या मुलीला घरात ओढलंच.

बाकीच्या घरांनी तिला दारातूनच वाटेला लावलं होतं. समोरचा घड्याळवाला तर म्हणाला होता, "जुनी मढी कशाला उकरताय बाई? युद्ध संपून माझे केस पिकले. आता काय त्याचं?"

आत्याला मात्र बोलायला माणूस हवंच असतं. अख्खी गल्ली तिला आत्या म्हणते, पण घटकाभर बसायला कुणी फिरकत नाही. भाचा तेवढा काल येऊन गेला होता. त्याने आणलेला केक उरला होता, तो तिने बशीत काढला, चहा ठेवला आणि खुर्ची ओढून मुलीच्या समोर बसली.

"हं, विचार आता."

मुलगी चौकशी समितीकडून आली होती. गल्लीच्या टोकाला बर्फाचा कारखाना होता. युद्धाच्या दिवसांत त्यात शत्रूचे कैदी ठेवले होते. तेव्हाचे शत्रू आता एकाच सरकारखाली नांदत होते, आणि त्या सरकारचं उत्तर ठरलेलं होतं : कैद्यांना नीट वागवलं, कुणाच्या केसाला धक्का लागला नाही. समितीचं काम आज संध्याकाळी बंद होणार होतं. तोवर गल्लीतलं एक जरी माणूस 'मी काहीतरी पाहिलं' असं म्हणालं नाही, तर 'पुरावा नाही' असा शेरा मारून प्रकरण कायमचं मिटणार होतं.

"मी तेव्हा एवढीशी होते गं," आत्या म्हणाली. "त्या भिंतीपलीकडचं मला काही म्हणजे काही ठाऊक नाही. खोटं कशाला बोलू?"

मुलीने टेबलावरचं रेकॉर्डिंगचं यंत्र बंद केलं. तिचा चेहरा पार पडला. आत्याला वाईट वाटलं.

"तुझं कुणी होतं का तिथे?"

"आजोबा. जिवंत परत आले, तेच नशीब. मनगटांवर जळल्याचे गोल डाग होते. सरकारी डॉक्टरांनी लिहून दिलं, कातडीचा रोग." मुलगी केकचा तुकडा मोडत म्हणाली. "वर्षातला एक दिवस ते घरात दिवा लावू द्यायचे नाहीत. कोपऱ्यात बसून राहायचे. आता ते नाहीत, पण आई तो दिवस पाळते. काल आम्ही दोघी अंधारातच जेवलो."

"अरेरे!" आत्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "खा गं, सगळा संपव. किती वाळलीयेस!"

पोरीला जरा हसवावं, असं तिला वाटलं. आणि हसवण्यासारखं आत्यापाशी एकच होतं, तिचं लहानपण.

"दिव्यांचं म्हणालीस म्हणून आठवलं. आमच्या लहानपणी दिवे मिचकायचे, माहितीये?" ती खुर्चीत पुढे सरकली. "दिवेलागणीला आम्ही सगळी पोरं पायरीवर जमायचो. तो घड्याळवाला तेव्हा शेंबडा होता. सारखं नाक ओढायचा, आणि आज मला शहाणपण शिकवतो मेला! खांबावरचा दिवा एकदम पिवळा पडायचा, विझतोय की काय असं वाटायचं, आणि पुन्हा लख्ख व्हायचा. की आमचा गलका, मिचकला रे मिचकला! मग डोळे मिटून मनातलं मागायचं. तो सायकल मागायचा. मी मागायचे, बाबा लवकर घरी येऊ देत. किती छान दिवस होते गं ते! आई मात्र नेमका तेव्हाच आतून रेडिओ मोठा करायची. तिला गाण्यांचं भारी वेड."

"असं का होतं, कुणी विचारलं नाही?"

"विचारलं की. किराणावाला वीजखात्यात जाऊन भांडून आला. ते म्हणाले, युद्ध चालू आहे, जरा कळ सोसा. मग कोण कशाला तोंड उघडतंय? सवय झाली सगळ्यांना. बाबा म्हणायचे, कारखान्यातली मशीन सुरू झाली की वीज ओढते."

मुलीने मान वर केली. "पण युद्धात बर्फ बंद होता ना?"

"बंदच होता. घामाने नुसते निथळायचो आम्ही. पण मशीन होती बाई. बाबा वायरमन, म्हणून सरकारने त्यांनाच बोलावलं होतं ती चालवायला."

मुलीचा हात हळूच यंत्राकडे गेला. त्यावरचा लाल ठिपका पुन्हा पेटला. आत्या सुखावली. म्हातारीच्या गप्पा टिपून ठेवाव्याशा वाटणारं माणूस तिला कितीतरी वर्षांनी भेटलं होतं.

"फार मायाळू होते गं बाबा. घरी आले की आधी साबण लावून लावून हात धुवायचे, मगच मला उचलायचे. एका वाढदिवसाला मी हट्टच धरला, आज माझ्यासाठी दिवे खूप वेळा मिचकले पाहिजेत. बाबा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, बरं, तुझ्यासाठी. आणि अगं, काय मिचकले त्या संध्याकाळी! थांबेचनात. मागून मागून पोरांच्या इच्छा संपल्या. असा वाढदिवस या गल्लीत दुसऱ्या कुणाचा झाला नाही!"

आत्या टाळी देऊन खळखळून हसली. मुलगी हसली नाही. तिच्या तोंडातला घास तसाच राहिला होता.

"आत्या," तिने विचारलं. "तुमचा वाढदिवस कधी असतो?"

"कालच झाला की." आत्याने बशी तिच्याकडे सरकवली. "त्याचाच तर केक खातेयस तू."