सुईनंतरचा बोंबील

जनावरं सुईपेक्षा त्या उंच, थंडगार पत्र्याच्या टेबलालाच जास्त घाबरतात, हे ध्यानात आलं आणि कोपरीच्या डॉक्टर गुप्त्यांनी नव्वद साली ते टेबल चक्क विकून टाकलं. दवाखान्यात सतरंजी अंथरली, मांजरांना कुत्री दिसू नयेत म्हणून त्यांच्यासाठी मागचं दार उघडलं, पांढरा कोट कायमचा खुंटीला टांगला आणि सुक्या बोंबलांचा डबा हाताशी ठेवला. नियम एकच, आधी सुई, मग बोंबील.

चंद्रभागा कोळणीचा कुत्रा भुऱ्या पहिल्या खेपेला दारातच मुतला होता. वर्षभरात तो सतरंजीवर बसून आपणहून पाय पुढे करायला लागला.

पुढे म्हातारपणी भुऱ्याच्या पोटात गाठ झाली आणि ती हाताबाहेर गेली. चंद्रभागेने त्याला मासळीच्या टोपलीत घालून आणलं. "डॉक्टर, रातभर कण्हतो वो. काय खात नाय, बोंबील तेवढा चघळतो. आता सोडवा त्याला."

सतरंजी दिसताच भुऱ्याने शेपूट हलवली आणि पाय पुढे केला.

"बगा, अजून सोताहून पाय देतो," म्हणत चंद्रभागेने पदरात तोंड लपवलं. डॉक्टरांचेही डोळे भरून आले, पण हात सवयीने चालत राहिले. सुई टोचून झाली, तसं भुऱ्याने मान वळवून डब्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी धडपडत झाकण उघडलं, तोवर त्याचे डोळे डब्यावरच थिजले होते.


आज तरी बोंबील आधी द्यायचा होता.